भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ: बंदर कुठे, शहर कुठे आणि पैसे कुठे जातात

माहितीपत्रकावर छापलेलं असतं ‘रोम’. जहाज लागतं चिवितावेकियाला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर, म्हणजे ठाण्याहून लोणावळा गाठण्याइतकं, आणि संध्याकाळी जहाज सुटायच्या आत परतही यायचं. ‘फ्लॉरेन्स’ लिहिलेलं असतं तिथे बंदर असतं लिव्होर्नो, अंतर नव्वद किलोमीटर. ‘व्हेनिस’च्या नावाखाली त्रिएस्ते, रावेन्ना किंवा मार्गेरा यांपैकी काहीही निघतं, कारण २५,००० टनांहून मोठ्या जहाजांना १ ऑगस्ट २०२१ पासून सान मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे. ठाण्यात राम मारुती रोडला किंवा वाशीत सेक्टर १७ मध्ये बुकिंगला बसलात की जहाजाचे फोटो दाखवले जातात, स्विमिंग पूल दाखवला जातो, बुफे दाखवला जातो. धक्क्यापासून शहर किती लांब, हे विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही. आणि या सहलीत पैसे वसूल झाले की नाही, हे बरंचसं त्याच अंतरावर ठरतं.

हे परीक्षण सात रात्रींच्या दोन नेहमीच्या फेऱ्यांचं आहे. एक पश्चिमेची: बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ, चिवितावेकिया किंवा नेपल्स, सिसिलीतलं पालेर्मो किंवा मेसिना, आणि माल्टाचं व्हॅलेटा. दुसरी पूर्वेची: अथेन्सचं पिरेयस बंदर, सँटोरिनी, मिकोनोस, ऱ्होड्स, कधी तुर्कस्तानातलं कुशादासी, कधी एड्रियाटिक समुद्रावरचं माँटेनेग्रोतलं कोतोर आणि क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने पश्चिमेची फेरी घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. ग्रीक बेटं सप्टेंबर-ऑक्टोबरात घ्यावीत, आणि बरोबरच्या ज्येष्ठांचे गुडघे चांगले असतील तरच.

जहाज कुठून पकडायचं

पश्चिमेच्या फेरीत एमएससी आणि कोस्टा या कंपन्या जवळपास प्रत्येक मोठ्या बंदरात प्रवासी चढवतात आणि उतरवतात. जहाज गोल फिरत राहतं. कुणी बार्सिलोनाला चढतं आणि सात रात्रींनी तिथेच उतरतं, कुणी जिनोआला, कुणी चिवितावेकियाला. भाडं साधारण सारखंच असतं, म्हणून एजंट विमान स्वस्त मिळेल ते बंदर सुचवतो. इथे त्याचं लगेच ऐकू नका. बंदर ज्या शहरापासून सगळ्यात लांब आहे, तिथूनच चढा.

कारण साधं आहे. रोम पाहायचं असेल तर विमानाने फ्युमिचिनोला उतरा, दोन रात्री रोममध्ये काढा, व्हॅटिकन आणि कोलोसियम निवांत पाहा आणि तिसऱ्या दिवशी रेल्वेने चिवितावेकियाला जाऊन जहाज पकडा. रोमची धावपळ संपली. उरलेल्या बंदरांपैकी नेपल्स, व्हॅलेटा, पालेर्मो आणि जिनोआ ही शहराच्या मध्यात आहेत. जहाजातून उतरून चालत सुटता येतं. उलट बार्सिलोनाहून चढलात, तर रोमसाठी एकच दिवस मिळतो. त्यातले जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास गाडीत जातात आणि शहरात हातात उरतात जेमतेम पाच तास.

ज्यांना तरीही एका दिवसात रोम करायचं आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावं. बंदराच्या आत चालू देत नाहीत. बंदराची मोफत बस लार्गो देल्ला पाचे या थांब्यापर्यंत सोडते. तिथून स्टेशन वीसेक मिनिटं चालत, किंवा दुसरी बस. साध्या रिजिओनाले गाडीने सान पिएत्रोला उतरलं की व्हॅटिकन जवळ. तेर्मिनीपर्यंत बसून राहिलात तर सव्वा तास लागतो. कागदी तिकीट फलाटावरच्या मशीनमध्ये छापून घ्यायचं, नाहीतर तिकीट हातात असूनही दंड होतो. आणि परतीची गाडी अशी धरायची, की ती चुकली तरी पुढची गाडी जहाजावर परतायच्या वेळेच्या तासभर आधी पोचवेल.

लिव्होर्नोला दिवसभरात फ्लॉरेन्स आणि पिसा दोन्ही दाखवणारी सहल विकली जाते. ती घेऊ नका. पिसा रेल्वेने वीस मिनिटांवर आहे, मनोरा बघून, जेवून आरामात परत येता येतं. फ्लॉरेन्स हवंच असेल तर ते स्वतंत्र सहलीसाठी ठेवा.

पश्चिमेची बंदरं

नेपल्स या फेरीतलं सगळ्यात चांगलं बंदर. जहाज स्ताझिओने मारित्तिमाला लागतं, समोर रस्ता ओलांडला की म्युनिचिपिओ हे मेट्रो स्टेशन. मेट्रोच्या लाइन १ ने गॅरिबाल्डीला जायचं आणि तिथून सोरेंतोकडे जाणारी सर्कुमव्हेसुव्हियाना ही लोकल गाडी पकडायची. उतरायचं ते ‘पोम्पेई स्कावी, व्हिला देई मिस्तेरी’ या स्टेशनवर. वेळ पस्तीस-चाळीस मिनिटं. घोटाळा होतो तो इथे: नुसतं ‘पोम्पेई’ आणि ‘पोम्पेई सांतुआरिओ’ ही वेगळ्या मार्गांवरची वेगळी स्टेशनं आहेत, आणि तिथे उतरलात तर अवशेषांच्या मुख्य दारापर्यंत उन्हातून बरंच चालावं लागतं. ही गाडी कायम भरलेली असते आणि पाकीटमारीसाठी बदनाम आहे. सकाळी ८.१२ ला ठाण्याहून फास्ट लोकल पकडणाऱ्याला गर्दीचं काही वाटणार नाही, पण बॅग मात्र पोटाशी धरा.

पोम्पेईत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० लोकांनाच आत सोडतात आणि तिकिटावर नाव असतं. म्हणून ऑनलाइन आधी काढायचं आणि ओळखपत्र बरोबर ठेवायचं. आत सावली जवळजवळ नाही. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसने गाडलेलं हे अख्खं शहर आहे, दोन तासांत उरकायची वस्तू नव्हे. चार तास ठेवा. परतल्यावर बंदराजवळ पिझ्झा खाताना शाकाहाऱ्यांनी ‘मारिनारा’ मागवावा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीज अजिबात नाही. जैन कुटुंबांना लसणाची अडचण, त्यांनी लसूण वगळायला सांगावं.

व्हॅलेटाला जहाज सहसा सकाळी शिरतं. त्या दिवशी पहाटेचा गजर लावून वरच्या डेकवर उभं राहणं हा या सगळ्या सहलीतला सर्वोत्तम तास आहे, आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. दोन्ही बाजूंनी पिवळ्या चुनखडीचे किल्ले इतके जवळ येतात, की तटावरची माणसं दिसतात. १५६५ च्या तुर्की वेढ्यानंतर, १५६६ मध्ये या शहराचा पाया घातला गेला. जहाजातून उतरून धक्क्याच्या कडेने चालत गेलं की बराक्का लिफ्ट लागते, ५८ मीटर उंच, थेट वरच्या बागेत सोडते. दुपारी बाराला तिथून तोफ डागतात, पंधरा मिनिटं आधी कठड्याला जागा धरावी. सेंट जॉन्स को-कॅथीड्रलमध्ये काराव्हाज्जोने १६०८ मध्ये काढलेलं ‘सेंट जॉनचा शिरच्छेद’ हे भिंतभर चित्र आहे. खांदे झाकलेले हवेत, टोकदार टाचांच्या चपला आत चालत नाहीत, आणि रविवारी पर्यटकांसाठी बंद असतं. तुमच्या फेरीत व्हॅलेटा रविवारी येत असेल, तर बुकिंग करतानाच हे तपासा.

मार्सेयचं बंदर फसवं आहे. क्रूझचा धक्का जुन्या बंदरापासून आठ-दहा किलोमीटर उत्तरेला, गोदामांच्या भागात. चालत जायचा विचारही करू नये, बसने ला जोलिएतपर्यंत जावं आणि पुढे पायी. टेकडीवरचं नोत्र-दाम द ला गार्द आणि जुनं बंदर यांत दिवस भरतो. मराठी माणसाला इथे थांबायला आणखी एक कारण आहे. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली ती याच बंदरात. फ्रेंच भूमीवर पाऊल टाकूनही त्यांना परत इंग्रजांच्या हवाली केलं गेलं आणि प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं. जहाज धक्क्याला लागत असताना पाण्यापासून धक्क्याच्या कठड्यापर्यंतची उंची डोळ्यांनी मोजून पाहा, मुलांनाही दाखवा. शहराच्या दक्षिणेला माझार्ग इथे पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांचं स्मारक आणि दफनभूमी आहे. टॅक्सीने जाऊन यायला अर्धा दिवस पुरतो, आणि जहाज कंपन्या विकतात त्या किनाऱ्यावरच्या सहलींत ते सहसा नसतं.

बार्सिलोनात धक्क्यापासून कोलंबसच्या पुतळ्यापर्यंत निळी पोर्टबस आहे, पुढे ला राम्ब्ला. साग्रादा फामिलिया या चर्चची तिकिटं फक्त ऑनलाइन, वेळ ठरवूनच मिळतात. जहाज पोचायच्या वेळेनंतर किमान अडीच तासांची वेळ निवडा. जिनोआ आणि पालेर्मो दोन्ही चालण्याजोगी आहेत. पालेर्मोत राजवाड्यातलं कापेल्ला पालातिना हे प्रार्थनागृह चुकवू नका. मेसिनाला उतरून ताओर्मिना करायचं तर पन्नास किलोमीटर, एवढंच.

बेटं: सुंदर, पण पायऱ्यांची

सँटोरिनीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते ज्वालामुखीच्या बुडालेल्या विवरात उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या टेंडर बोटींतून फिराच्या खालच्या जुन्या बंदरात नेतात. तिथून गाव कड्यावर. वर जायला तीन वाटा: केबल कार, पावणेसहाशेहून अधिक पायऱ्या, किंवा गाढवं. गाढवांवर बसू नये. पायऱ्या शेणाने निसरड्या असतात, जनावरांचे हाल होतात, आणि १०० किलोहून जास्त ओझं त्यांच्यावर लादायला ग्रीसमध्ये २०१८ पासून बंदी आहे. राहिली केबल कार. एका दिवशी तीन-चार जहाजं आली की तिची रांग उन्हात दीड-दोन तासांवर जाते, आणि खरा त्रास परतीच्या वेळी होतो, कारण सगळ्यांना एकाच वेळी खाली यायचं असतं. दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा आल्यापासून फरक पडायला हवा, तरी शेवटच्या टेंडरच्या दोन तास आधी केबल कारच्या रांगेत उभं राहायचं, हा नियम पाळा.

इथे जहाज कंपनीची किनाऱ्यावरची सहल घेण्यात फायदा आहे. सहलवाल्यांना पहिल्या बोटींतून अथिनिओस या दुसऱ्या बंदरात उतरवतात, तिथून बस थेट वर जाते. म्हणजे चढतानाची रांग वाचते. उतरताना मात्र बहुतेक वेळा केबल कारच. इआ गावातल्या निळ्या घुमटांचा फोटो सगळ्यांना हवा असतो. फिराहून तिथे सार्वजनिक बस जाते, पण दुपारी ती ठासून भरते.

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ वारा सुटतो. आकाश निरभ्र, ऊन लखलखीत, आणि तरीही लाटांमुळे टेंडर बंद. कप्तान सरळ बंदर रद्द करतो आणि पैसे परत मिळतात ते फक्त बंदर-शुल्काचे. मिकोनोस आणि सँटोरिनी यांना हा धोका सगळ्यात जास्त. ज्या प्रवासवर्णनांत ‘बेटं पाहायलाच मिळाली नाहीत’ अशी तक्रार असते, त्यातली बरीचशी याच दोन महिन्यांतली असतात.

ऱ्होड्स त्या मानाने सुखाचं: जहाज जुन्या शहराच्या तटालाच लागतं, व्हीलचेअरवालाही आत जाऊ शकतो, फक्त गोट्यांचे रस्ते हाडं खिळखिळी करतात. पिरेयसहून अथेन्सला मेट्रो आहे. अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट २०२५ पासून ३० युरो, ठरलेल्या वेळेचं. उष्णतेची लाट असली की दुपारी ते बंदच करतात, म्हणून सकाळी आठची वेळ घ्या. दुब्रोव्हनिकला जहाज ग्रुझला लागतं, जुनं शहर तीन किलोमीटरवर. कोतोरच्या आखातात शिरण्याचा प्रवास व्हॅलेटाच्या खालोखाल. कुशादासीहून इफेसस या प्राचीन शहराचे अवशेष सुमारे वीस किलोमीटर.

व्हिसा

शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बहुतेक देशांसाठी चालणारा एकच व्हिसा) फी ११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, त्याखाली माफ. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि मे महिन्यात जायचं असेल तर खरोखरच तेव्हापासून अपॉइंटमेंटच्या मागे लागा. मुंबईच्या तारखा उन्हाळ्यासाठी भराभर संपतात. अर्ज कुठल्या देशाकडे? जिथे सर्वाधिक मुक्काम, त्याच्याकडे. मुक्काम सारखे असतील तर जिथून प्रथम प्रवेश, त्याच्याकडे. रोममध्ये दोन रात्री काढून चिवितावेकियाहून चढलात, की मुख्य देश इटली, यात कुणाला शंका राहत नाही. अर्ज व्हिसा केंद्रं चालवणाऱ्या कंपन्यांकडे द्यायचे: इटलीचे व्हीएफएसकडे, स्पेनचे बीएलएसकडे.

सगळ्यात महागात पडणारी चूक एकल प्रवेशाच्या व्हिसाची. जहाज कोतोर, कुशादासी किंवा ट्युनिसला लागलं की तुम्ही शेंगेनच्या बाहेर गेलात. परत शिरायला दुसरा प्रवेश लागतो. म्हणून फेरीत असं एकही बंदर असेल, तर अर्जात ‘मल्टिपल एंट्री’ लिहा आणि क्रूझचा पूर्ण कार्यक्रम जोडा. व्हिसा एकल प्रवेशाचा आला तर क्रूझ कंपनी चेक-इनलाच अडवते. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, माल्टा त्याआधीपासूनच, त्यांची काळजी नाही. माँटेनेग्रोसाठी वैध शेंगेन व्हिसा चालतो. तुर्कस्तानाबाबत क्रूझ कंपनीकडून लेखी उत्तर मागून घ्या.

विमा किमान ३०,००० युरोचा हवाच. पण क्रूझसाठी दोन कलमं वेगळी पाहा: जहाजावरच्या डॉक्टरचा खर्च, आणि समुद्रातून हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च. जहाजावरचा दवाखाना फुकट नसतो. साध्या तापाचं बिलही युरोत लागतं. गरोदर स्त्रीला चोवीसाव्या आठवड्यानंतर बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत, आणि सहा महिन्यांखालचं बाळही नाही.

केबिन, पाणी, जेवण

मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया केलेल्यांनी आकाराची अपेक्षा बदलावी. एमएससी वर्ल्ड यूरोपा हे जहाज कॉर्डेलिया एम्प्रेसच्या चौपटीहून मोठं आहे, भरलं की ६,७०० प्रवासी. एवढ्या मोठ्या जहाजावर सकाळी नऊला बुफेत टेबल मिळत नाही आणि लिफ्टला दहा मिनिटं लागतात. सकाळी साडेसातला खाली उतरून खाणाऱ्यांना हेच जहाज शांत वाटतं.

आतल्या, बिनखिडकीच्या केबिनचं क्षेत्रफळ साधारण १३ ते १५ चौरस मीटर, बाथरूम धरून. चौघांचं कुटुंब एका केबिनमध्ये राहतं तेव्हा तिसरा-चौथा बिछाना भिंतीतून किंवा छतातून खाली येतो, शिडीने चढायचं. आजी-आजोबांना तिथे पाठवू नका. ‘मुलं फुकट’ या योजनेत मुलांचं भाडं माफ असतं, बंदर-शुल्क आणि सेवाशुल्क नाही. केबिन निवडताना नकाशात वरचा आणि खालचा मजला पाहा. वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली थिएटर असेल तर रात्री. जहाजाच्या लांबीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर डोलणं सगळ्यात कमी जाणवतं. मार्सेय आणि बार्सिलोनाच्या मधलं लिऑनचं आखात मिस्त्राल वाऱ्याने खवळतं, बाकी उन्हाळ्यात पश्चिमेचा समुद्र सहसा शांत. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून इथूनच न्या, आणि मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्या. नंतर ती पोटात टिकत नाही.

युरोपीय कंपन्यांच्या जहाजांवर रात्रीच्या जेवणात पाण्याची बाटली विकत असते. बुफेतल्या यंत्रातलं पाणी फुकट. बाटल्या भरून खोलीत ठेवल्या की प्रश्न मिटतो. खोलीत किटली नसते, आणि घरून नेलेली किटली, इस्त्री, इंडक्शन, पाणी तापवायचा रॉड हे सगळं स्कॅनरमध्ये दिसतं आणि शेवटच्या दिवशीच परत मिळतं. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेंशन बोर्डही काढून घेतात. आपली तीन पिनांची प्लग बसत नाही, युरोपीय दोन पिनांचा अडॅप्टर न्या. संडासात जेट स्प्रे नसतो आणि संडास निर्वाताने ओढणारा असल्यामुळे त्यात कागदाशिवाय काही टाकायचं नाही. एका खोलीने तुंबवला की अख्ख्या ओळीचा बंद पडतो.

शाकाहाराची सोय होते, पण सांगितल्याशिवाय नाही. बुकिंग करताना लेखी ‘भारतीय शाकाहारी’ किंवा ‘जैन’ नोंदवायचं आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य वेटरला भेटून पुन्हा सांगायचं. त्याला एक दिवस दिला की दुसऱ्या रात्रीपासून डाळ-भात, भाजी असं काहीतरी येऊ लागतं. बुफेतलं सूप बहुधा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. पार्मेजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने बनतं, त्यामुळे काटेकोर शाकाहाऱ्यांनी पास्त्यावर ते घालू देऊ नये. जेलीसारख्या गोडात जिलेटिन असतं. जेवणाची पहिली पंगत घ्या. दुसरी रात्री नऊच्या आसपास बसते आणि मुलं टेबलावरच झोपतात.

घरचं काय नेता येतं? युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, श्रीखंड, बर्फी नाही. ताजी फळंही प्रमाणपत्राशिवाय नाहीत, त्यामुळे मे महिन्यात नातेवाइकांसाठी हापूसची पेटी घेऊन निघू नका, विमानतळावर ती फेकली जाईल. पाकीटबंद चिवडा, बाकरवडी, शेंगदाण्याची चटणी, थेपले चालतात. जहाजावर मात्र फक्त कारखान्यात सीलबंद केलेली पाकिटं घेऊ देतात, घरचे डबे नाहीत.

कोटेशनमध्ये न दिसणारे पैसे

सेवाशुल्क दर माणशी, दर रात्री लागतं, बहुधा दहा ते पंधरा युरो. बारा युरो धरले तर चौघांचे सात रात्रींचे ३३६ युरो झाले. ते तिकिटात आहे की जहाजावर बिलात येणार, हे एजंटकडून लिहून घ्या. ग्रीक बंदरांत जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर शुल्क आहे: सँटोरिनी आणि मिकोनोसला जून ते सप्टेंबर प्रत्येकी २० युरो, इतर बंदरांत ५. आपल्याकडे टूर पॅकेजवर जीएसटी आणि टीसीएस (एजंट आधीच वसूल करून सरकारकडे भरतो तो कर) लागतो. टीसीएस विवरणपत्रात वजा मिळतो, म्हणून पॅन ज्याच्या नावावर कर भरला जातो त्याचाच द्या.

जहाजावरचा खर्च एका खात्यात जमा होतो आणि त्याला कार्ड जोडावं लागतं. तिथे फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड जोडू नका. जहाज दर दोन-तीन दिवसांनी रक्कम अडवून ठेवतं आणि ती सुटायला कधी दोन-तीन आठवडे जातात, तोवर किनाऱ्यावर कार्ड रिकामं. क्रेडिट कार्ड जोडा किंवा रोख युरो भरा. मशीनने ‘रुपयांत द्यायचे का’ विचारलं तर नाही म्हणा, युरोच निवडा. रुपयांचा दर मशीनवाला ठरवतो.

मोबाइलचा फटका याहून मोठा. जहाज खोल समुद्रात गेलं की फोन उपग्रहावरच्या सागरी नेटवर्कला जोडला जातो आणि आपल्या कंपन्यांचे नेहमीचे युरोप पॅक तिथे लागू नसतात. जहाज सुटलं की फोन एअरप्लेन मोडवर टाका, घरातल्या प्रत्येकाचा.

निघताना आणि परतताना

मे-जूनची सुट्टी पश्चिमेसाठी ठीक. जुलै-ऑगस्ट टाळा: ऊन ३५ अंशांपुढे, भाडी सर्वाधिक, आणि युरोपातली सगळी कुटुंबं जहाजावर. दिवाळीच्या सुट्टीत ऑक्टोबरअखेरपर्यंत हवा छान असते, नोव्हेंबरात पाऊस सुरू होतो.

जहाज सुटायच्या आदल्या दिवशी त्या शहरात पोचलंच पाहिजे. आखाती शहरातली जोडणी चुकली तर जहाज थांबत नाही आणि तिकिटाचे पैसे बुडतात. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी नवी पद्धत आली आहे, पहिल्या प्रवेशाला रांग लांबते. युरोपातल्या शहरात विमान बदलणार असाल तर तीन तासांपेक्षा कमी अंतराचं तिकीट घेऊ नका. पावसाळ्यात घोडबंदर रोडवरून सहारला पोचायला किती लागेल हे ठाणेकराला वेगळं सांगायला नको. खारघर-नेरुळकडच्यांनीही पहाटेच्या विमानासाठी रात्रीच निघावं.

चढल्यावर सुरक्षेचा सराव सक्तीचा असतो. १३ जानेवारी २०१२ ला जिलिओ बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, ३२ माणसं गेली, आणि जहाजावरच्या काही प्रवाशांचा सराव तेव्हा झालेलाच नव्हता. आता सराव निघण्याआधीच घेतात. आपलं जमायचं ठिकाण पायी चालून पाहा, नुसती फोनवर चित्रफीत बघून थांबू नका. मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट खोलीत आहे का तेही बघा.

भारतीय पासपोर्ट बऱ्याचदा जहाज पहिल्या दिवशी ठेवून घेतं आणि शेवटी परत देतं. त्यामुळे किनाऱ्यावर जाताना पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, जहाजाचं कार्ड, आणि त्या दिवशीच्या पत्रकावर छापलेला बंदर-एजंटचा नंबर खिशात हवा. जहाज चुकलं तर तोच माणूस उपयोगी पडतो. इटलीहून ग्रीसला जाताना घड्याळ एक तास पुढे जातं. परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाने मोजतात, फोनच्या नव्हे.

शेवटच्या रात्री बॅगा रंगीत चिठ्ठ्या लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. औषधं, चार्जर आणि सकाळचे कपडे त्याआधी बाजूला काढा, नाहीतर पायजम्यावर उतरायची वेळ येते. चिवितावेकियाहून फ्युमिचिनो सुमारे साठ किलोमीटर, म्हणून दुपारी एकच्या आधीचं विमान नको. बार्सिलोनात बारानंतरचं चालेल. बिल आदल्या संध्याकाळीच रिसेप्शनवर छापून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. न घेतलेली पाण्याची बाटली किंवा न गेलेली सहल त्यात निघाली, तर रात्री पाच मिनिटांत काढून देतात. सकाळी त्याच खिडकीसमोर शेकडो माणसं उभी असतात आणि खाली बस सुटायला आलेली असते.